दानेश्वरीचा पायगुण

"पॅनल चांगलं हाय. बॅटरी बी चांगली हाय," मीटरवरचा आकडा बघत श्रीदेवी म्हणाली.

"मग अवदसा कुणाची?" गंगम्मानं उंबऱ्यातनं विचारलं आणि डोळे सुनेकडं वळवले. दानेश्वरी बांधलेल्या पिशवीशेजारी मान खाली घालून उभी होती.

मैंदर्गीपासून आत रानातल्या त्या वस्तीवर खांब नाही, तार नाही. सगळा संसार छपरावरच्या सोलरवर. पंचमीला माहेरी गेलेली नवी सून दसऱ्याला परतली आणि चार दिवसांत घरात अंधार पडला. झालं! गंगम्मानं ठरवून टाकलं, सून पांढऱ्या पायाची. आज बिघाड सापडला नाही तर सुनेची रवानगी माहेरी, कायमची. साक्षीला भावकीतली माणसंही कट्ट्यावर आणून बसवली होती.

श्रीदेवीला हे सगळं तोंडपाठ होतं. याच बाईनं, हाच ठपका ठेवून, याच घरातून तिला हाकललं होतं. तिचा तेव्हाचा नवरा गुरु आजच्यासारखाच ढिम्म उभा होता. सोलापुरात जाऊन ती हे काम शिकली, आणि इथली तक्रार आल्याबरोबर तिनं ती मागून घेतली. मदतीला कसली जाते! आपल्या जागेवर आलेल्या बयेला त्याच दारातून जाताना डोळे भरून बघायचं होतं तिला.

आधी पॅनलची वायर सोडली, मग बॅटरीची. उन्हाची वीज बॅटरीत भरणारी ती भिंतीवरची डबी, तो कंट्रोलर, तिनं खोलला. आत वायरींच्या टोकांवर हिरवा गंज, कुंकवाचा चिखल आणि खोबऱ्याचा वाळका तुकडा. श्रीदेवीला हसूच आलं. खंडेनवमीच्या पूजेला कुणीतरी नारळ थेट डबीवरच फोडला होता!

आता नुसतं गप्प बसायचं. 'काय कळंना' म्हटलं की सूड पुरा.

"सापडंना व्हय?" गंगम्मा खुशीत येऊन म्हणाली. "तुझ्या येळंला बी असंच की. येकीला झाकावं आन् दुसरीला काढावं, दोगी बी पांढऱ्या पायाच्या!"

श्रीदेवीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सूड घ्यायचा तर या म्हातारीचा. त्या पोरीनं काय घोडं मारलं होतं?

"आत्त्या," कट्ट्यापर्यंत ऐकू जाईल अशा गोड आवाजात ती म्हणाली, "पूजा लई झ्याक केलासा की ओ. नारळ कुणी फोडला?"

"मीच! तसल्या कामाला सुनेचा हात लागू देत न्हाय मी."

श्रीदेवीनं उघडी डबी भावकीपुढं धरली. "मग बगा. नारळाचं पाणी आत गेलं, गंज चढला. सून तवा माहेरात हुती. दिवे सासूनं घालवले."

कट्ट्यावरचा एक म्हातारा फिस्सकन हसला. गंगम्माच्या तोंडचं पाणी पळालं. श्रीदेवीच्या काळजाला असा गारवा कधी मिळाला नव्हता.

तिनं गंज घासून काढला, आधी बॅटरी जोडली, मग पॅनल. थोड्या वेळानं अंधाऱ्या माजघरातला दिवा लागला. गुरु सुटल्यासारखा हसला. "दाने, ठेव ती पिशवी आत. चहा टाक सगळ्यांला."

दानेश्वरीनं पिशवी उचलली आणि चपला घातल्या.

"ताई, मैंदर्गीपातुर सोडा मला," ती श्रीदेवीला म्हणाली. मग पहिल्यांदाच मान वर करून नवऱ्याकडं वळली. "उजेड झालाय. तोंड नीट बगून घ्या माझं, मी निगाले."