काचेतला कोट

कुणाचा विश्वास बसणार नाही, पण वाकडच्या एका दुकानात जुने कपडे नव्यापेक्षा महाग मिळतात. आमच्या निघोज्याच्या धोंडीबाचा लग्नातला कोट त्या दुकानानं विकत घेऊन काचेत लावला. तेव्हापासून टपरीवर सगळे त्यालाच आधी खुर्ची देतात आणि माझा चहा कडू लागतो.

काल माझ्या घराच्या ओट्यावर मंडळी जमली, तेव्हा मीही ठोकून दिलं, "माझ्या लग्नातला कोट त्याच्याहून झ्याक हाय. दुकानवाले गाडी घेऊन न्यायला आले व्हते. मी दिला न्हाई."

"दाखवा की राव," बबनराव म्हणाले.

तेवढ्यात आमची कारभारीण तानाबाई चहा घेऊन बाहेर आली.

 

"अवं, लग्नात तुमच्या अंगावर धोंडीबा भावजींचाच कोट व्हता की, एका दिवसापुरता मागून आणलेला."