एकाच नावाची दोन पाकिटं

आपल्याबद्दल काय काय नोंदवून ठेवलंय, असं इवान्थियाने ग्रीसमधल्या पात्रास शहरातल्या, घरपोच औषधं विकणाऱ्या कंपनीला विचारलं होतं. पाकिटातून निघाली वरच्या मजल्यावरच्या थोरल्या चुलतबहिणीच्या औषधांची यादी. तिथल्या रीतीप्रमाणे दोघींना आजीचंच नाव, आडनावही एकच. कंपनीने घोळ घातला. यादीत सहा महिन्यांची कर्करोगाची औषधं! थोरलीने घरात कुणाला पत्ता लागू दिला नव्हता.

मग इवान्थियाने पाकीट पुन्हा उलटंपालटं करून पाहिलं. आपली यादी कुठे गेली? त्यात नैराश्याच्या गोळ्या होत्या.

ती तक्रार लिहायला बसली, तोच दार वाजलं. फोडलेलं पाकीट घेऊन थोरली उभी होती.

"मेल्यांनी तुझं मला पाठवलंय."

"ताई, तुझं माझ्याकडे आलंय."

थोरली खुर्ची ओढून बसली.

"तक्रार कर सावकाश. आधी मंगळवारी माझ्यासोबत दवाखान्यात चल. सहा महिने एकटीच जातेय गं."