टेप आणि धोटा

वडगावात साड्या विणून कंबर मोडलेल्या बायका गंगव्वाच्या अंगणात व्यायामाला जमायच्या. नर्सबाई नुसतं एक-दोन म्हणायच्या तेव्हा कुणी वाकत नव्हतं. टेपवर वरातीचा बेंजो लागला, की कण्हणाऱ्या बायकासुद्धा हसत उड्या मारायच्या. आज गंगव्वाच्या सासऱ्यानं भर व्यायामात टेप उचलला. “सुनांनी अंगणात नाचायचं व्हय?” बायका खाली बघत चपला शोधू लागल्या. गंगव्वाचं माथं भडकलं. “कुणी जायचं न्हाय!” ती तरातरा आत गेली, मागावर बसली, आडवा धागा नेणारा धोटा बाजूला फेकला आणि धागा ठोकायची फणी नुसतीच वरातीच्या ठेक्यात दणादणा आपटू लागली. अंगणात पाय थिरकले. “अगं, साडी!” सासरा ओरडला. “टेप ठेवल्याबिगर साडी इंचभर सरकायची न्हाय, मामंजी!” तो बायकोकडं वळला. मागावर बसून बसून कुबड आलेली सासू पदर खोचून अंगणात उतरत होती. “टेप लावा की वो. मलाबी कंबर हाय.”