बायकोच्या बाजूचं दार

जुनी गाडी घ्यायची नाही, असं एकमताने ठरलं. मग काही ठरलंच नाही अशा थाटात नवरा-बायको गाडी बघायला गेले. बायको नर्स, दिवसभर वॉर्डात उभी, येता-जाता बसमध्येही उभीच. एका आजी-आजोबांची ती गाडी खोकत सुरू झाली. नवरा म्हणाला, “हिला तुझ्याच वॉर्डात भरती करू.” आजी अभिमानाने म्हणाल्या, “ह्यांनी मला कधी दाराला हात लावू दिला नाही. स्वतः उतरून उघडतात!” आजोबा नवऱ्याच्या कानात पुटपुटले, “आतून उघडतच नाही हो ते. आमच्या हिला सांगू नका.” तिखट कानांची बायको आत बसली आणि दार लावून नवऱ्याकडे बघत राहिली. त्याने मुकाट्याने दार उघडलं. गाडी घेतली. मेकॅनिक मेहुण्याकडे त्याचा अर्ज पडून आहे: ‘आपल्या भगिनीच्या बाजूचे दार आतून उघडण्याची व्यवस्था व्हावी, ही नम्र विनंती.’