पक्की काच

"न्हाणीघरात गॅस गिझर होता ना? मग हवा खेळायला झडप नव्हती?" कमळीचा हात खाली ठेवत डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा रामनाथला कळलं की बायको गेली, आणि कशाने गेली तेही.

एसीची गार हवा वाया जाऊ नये म्हणून गिरीज गावातल्या त्याच्याच इमारतीत न्हाणीघरांना झडपांऐवजी पक्की काच लावा, असं विजेच्या बचतीचा सल्लागार म्हणून त्यानेच लिहून दिलं होतं. गरम पाणी गच्चीवरच्या सोलरचं येणार होतं. पावसाळ्यात ते येईना, तेव्हा घरोघरी गॅस गिझर बसले. त्याच्याही.

तेरावा झाल्यावर तो न्हाणीघरातली काच काढा, असं सांगत इमारतीत दारोदार फिरू लागला. शेजारच्या आशालताबाईंकडे गेला, तेव्हा त्यांची सून आंघोळीला गेली होती. आतून आवाज येईना. त्याने दारावर धक्के मारले.

"आले हो काका, साबण तरी धुऊ द्या."

रामनाथ दारापासून बाजूला झाला. आशालताबाईंनी पाणी दिलं. "स्वतःवर एवढं कोसळलंय, तरी आमची काळजी करताय भाऊ. कोणत्या मेल्याने या काचा बसवल्या कोण जाणे."

पाणी संपवून त्याने पुढच्या घराची बेल वाजवली.

बेचाळीस घरांतल्या काचा आता निघाल्या आहेत. त्या कोणाच्या सल्ल्याने बसल्या, एवढं सांगायचं राहिलं आहे.