चाल मंग, येतो

भाडेकरू खोली सोडून गेल्यापासून माडीवरच्या खिडकीची काच रोज सकाळी घामेजायची आणि चौकटीवर काळी बुरशी चढायची. शेवटी चंद्रकांताबाईंनी पदर खोचला आणि व्हिनेगर, जुना टूथब्रश अन् कोरडं फडकं घेऊन त्या वर गेल्या. भंडाऱ्याच्या थंडीत काचेला पाणी सुटतंच, त्यात घाबरायचं काय! खोलीला हवा मिळाली की झालं.

बुरशी निघाली. काच लख्ख झाली. सताड उघड्या खिडकीतून ऊन आत आलं.

तरी काचेवर बशीएवढा वाफेचा गोल उमटला. त्यांनी तो पुसला. तो पुन्हा उमटला, मोठा झाला, लहान झाला, परत मोठा झाला. कोणी काचेला तोंड लावून श्वास सोडावा तसा.

"बस झालं आता," त्यांनी दटावलं. "उद्या पुन्हा घासतो तुले."

फडकं खांद्यावर टाकून त्या वळल्या आणि कोणाच्याही घरून निघताना म्हणतात तेच सवयीनं तोंडून गेलं, "चाल मंग, येतो."

काचेवरचा गोल विरला.

"कोनाले चाल म्हणून राहिली वं?" खालून नवऱ्यानं, श्यामरावांनी, विचारलं.

"कोनालेच नाही!" हसत हसत त्या जिन्यावर आल्या आणि थबकल्या. चष्म्याची डावी काच धुरकटली होती. त्यांनी ती पदरानं बाहेरून पुसली. तिच्यावर पुन्हा बाहेरूनच वाफेचा गोल उमटला. आपलाच श्वास असणार, म्हणून त्यांनी नाकतोंड दाबून धरलं.

गोल मोठा झाला. लहान झाला.