निळ्या पट्टीच्या आत

बालविभागाच्या हेडसिस्टरांनी प्रत्येक खाटेभोवती जमिनीवर निळी चिकटपट्टी लावून घेतली होती. पट्टीच्या आत मुलाचं घर. घरात कुणी टोचायचं नाही. सुई, सलाईन, ड्रेसिंग, सगळं बाहेरच्या खुर्चीवर. नवे डॉक्टर घाईत होते; रक्त घ्यायला सिरिंज घेऊन थेट चौथ्या खाटेशी पोचले. सहा वर्षांची चिमुरडी उशीला बिलगली. “डॉक्टर, बूट पट्टीवर आहे तुमचा,” सिस्टर म्हणाल्या. “सिस्टर, दोन पावलांनी काय फरक पडतो?” “मला नाही पडत. तिला विचारा.” सगळा वॉर्ड त्या बुटाकडे बघत राहिला. डॉक्टरांनी पाय मागे घेतला. मुलीनं खाटेवरून उतरून चपला घातल्या, पट्टी ओलांडली आणि खुर्चीत बसून स्वतःच बाही वर सरकवली. “टोचा आता. रडू आलं तरी थांबू नका,” ती डॉक्टरांना धीर देत म्हणाली, “माझं घर जवळच आहे.”